दर्या म्हणजे डावीकडे

मुलांनो, मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा मॉलच्या वरच्या मजल्यावर तुम्ही मला एका जुन्या व्हिडिओ गेमपुढे उभं केलंत. आजीची गंमत बघायची, एवढाच तुमचा बेत होता. मी हरले, त्यात नवल नाही. पण हरण्याआधी धाकट्याचे बरेच ठोसे मी अडवले, आणि त्याचा पहिलवान माझ्या पहिलवानाच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला, तेव्हा मी दांडी बरोबर उलट्या बाजूला ओढली. तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "आजी, हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "आमच्या घरमालकांनी." तुम्हाला ती थट्टा वाटली. मग जेवायला उशीर होत होता म्हणून विषय तिथेच राहिला.

ती थट्टा नव्हती. म्हणून आता घरी बसून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तेव्हा सोपं लिहीन. अडेल तिथे बाबाला विचारा. एरवी मी कुठलीही गोष्ट क्रमाने सांगणारी. पण हे गृहस्थ मला क्रमाने आठवत नाहीत. आठवतील तसे लिहिते.

घिवलीत ज्या घराच्या माडीवर मी राहते, त्या घराचे ते मालक. गाव त्यांना तांडेल म्हणायचं. मच्छीमारांच्या बोटीवर ज्याच्या शब्दावर सगळे चालतात, तो तांडेल. त्यांचे वडील खरेखुरे तांडेल होते. हे मात्र बोटीवर कधी टिकलेच नाहीत. त्यांना बोट लागायची. बोट खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत पोटातलं सगळं बाहेर यायचं. वडिलांनी लिंबू चोखायला लावलं, पोटावर ओलं फडकं बांधलं, आणि शेवटी "हा जमिनीवरचा मासा हाय" म्हणून नाद सोडला. गावाने चिडवायला म्हणून तांडेल हे नाव ठेवलं. त्यांनी ते मान म्हणून घेतलं. "बोट नसली म्हणून काय झाला," ते म्हणायचे, "हुकूम सोडायला बोट लागते काय?"

हुकूम सोडायला त्यांनी बोईसरच्या बाजारात व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. वर्गातली मुलं मधल्या सुट्टीनंतर गायब व्हायला लागली, तेव्हा मी एके दिवशी तरातरा त्या दुकानात गेले. आत अंधार, पडद्यांचा उजेड, आणि माझे दोन विद्यार्थी एका यंत्राला चिकटलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्टुलावर बसलेल्या, पोट सुटलेल्या, लुंगीतल्या गृहस्थांनी हात वर केला.

"बाई, चप्पल बाहेर."

मी चप्पल बाहेर काढून आले. का काढली, कोण जाणे. शाळेत माझा मोठा दरारा होता.

"माझे विद्यार्थी आहेत हे. मी त्यांना न्यायला आले आहे."

"न्या की. पण डाव चालू हाय. अर्धा डाव टाकून उठायचा नाय. तुमी तरी धडा अर्धा सोडता काय?"

मी डाव संपेपर्यंत उभी राहिले. हरलेल्या मुलाने जिंकलेल्याकडे वळून "बरा खेळलास" म्हटलं, आणि मगच दोघे बाहेर आले. हा त्या दुकानाचा नियम होता. आणखीही नियम होते. यंत्राला हात लावण्याआधी हात धुवायचे. खेळताना शिव्या द्यायच्या नाहीत. शिव्या फक्त तांडेल देणार, आणि त्याही यंत्राला. बटणं बडवायची नाहीत. कोणी घाबरून दोन्ही हातांनी बटणांवर थापा मारायला लागला, की मागून आवाज यायचा, "भाकरी थापू नको! बटनं हायेत, परात नाय!"

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तांडेल डावं-उजवं म्हणत नसत. त्यांच्या गावातली म्हातारी माणसं अजूनही म्हणत नाहीत. आपल्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर. त्यामुळे घरात बसूनसुद्धा ती म्हणतात, "तो तांब्या दर्याकडं सरकव," "डोंगराकडच्या खुंटीवर टोपी हाय." तांडेलांनी दुकानातली यंत्रं अशी मांडली होती की खेळणाऱ्याचं तोंड उत्तरेला असेल. म्हणजे डाव्या हाताला दर्या, उजव्या हाताला डोंगर. सगळी शिकवणी त्याच दोन शब्दांत चालायची.

गावच्या मुलांना त्यात काही वेगळं वाटत नसे. पण संध्याकाळी कारखान्यातून सुटलेले कामगार यायचे, लांबलांबच्या मुलखातले. त्यांच्याशी तांडेल त्यांच्या हिंदीत बोलायचे.

"अरे दर्या के तरफ खेचो, दर्या के तरफ!"

"कौन सा दरिया, चाचा? हमारे यहाँ तो दरिया नदी को कहते हैं।"

"नदी का क्या काम हाय इदर? समुंदर!"

"समुंदर किधर है?"

मग तांडेल चालू डाव सोडून त्याला हाताला धरून रस्त्यावर न्यायचे, सूर्य मावळतो ती बाजू दाखवायचे, आणि परत आणून उभे करायचे. तोवर पडद्यावर त्या बिचाऱ्याचा पहिलवान मार खाऊन आडवा झालेला असायचा. "बघ, दर्या माहीत नाय त्याचा असा होतो," तांडेल म्हणायचे.

पुढे तुमचे आजोबा आणि मी बोईसर सोडून घिवलीला राहायला गेलो. माडी भाड्याने घ्यायला गेलो तर दार उघडलं याच गृहस्थांनी. त्यांनी मला ओळखलं आणि आधी माझ्या पायांकडे बघितलं. मी चप्पल काढलेलीच होती.

मग फोन आले. लोकांच्या खिशात खेळ आले. दुकान ओस पडलं आणि एक दिवस बंद झालं. तांडेलांनी बाकीची यंत्रं देऊन टाकली, पण मारामारीच्या खेळाचं यंत्र टेंपोत घालून घरी आणलं. ओटीवर भिंतीला लावून ते छान मावलं असतं, पण मग खेळणाऱ्याचं तोंड पूर्वेला झालं असतं. म्हणून त्यांनी ते दाराशी आडवं ठेवलं. अर्धं दार अडलं. तांडेलांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वाणगावच्या बाजाराला सुकी मासळी विकायला जायच्या. डोक्यावर पाटी घेऊन त्यांना तिरकं होऊन बाहेर पडावं लागायचं.

"म्हातारपणी सवत आणलीत," त्या पाटी सावरत म्हणायच्या. "तिला दार, आन मला फट."

"सवत बोलत तरी नाय," तांडेल म्हणायचे.

"बोलेल कशी? तुमी कुणाला बोलू दिलाय कधी?"

हे रोजचंच होतं. रोज तेच बोलणं, आणि रोज दोघंही ते नव्याने बोलायची. आत काही हवं असलं की ओटीवरून तांडेल हाक मारायचे, "गो!" आमच्या किनाऱ्यावर बाईमाणसाला हाक मारताना 'गो' लावतात, घाटावर 'गं' म्हणतात तसं. गावातल्या दुसऱ्या बायकांना ते नात्याने हाक मारायचे, काकी गो, वयनी गो. मला बाई म्हणायचे. नुसतं 'गो' म्हणजे फक्त वहिनी. बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्या पिढीत ती रीतच नव्हती. ते एक अक्षर जरा ओढून, शेवटी किंचित वर नेऊन ते म्हणायचे, आणि वहिनी कुठेही असल्या तरी आतून उत्तर यायचं. बहुतेक वेळा उत्तर म्हणजे टोमणाच असायचा.

तुमचे आजोबा गेले आणि त्यानंतर तुम्ही परदेशी गेलात. थोरली, तू फोनवर मला कुठल्याशा मारामारीच्या गेमबद्दल सांगायचीस, आणि मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. मला विद्यार्थ्यांचं न कळलेलं सहन व्हायचं, स्वतःचं नाही. एका दुपारी मी खाली गेले आणि म्हटलं, "तांडेल, मला शिकवा."

त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "हात धुवा."

तुम्हाला हे सगळं येतं, तरी त्यांनी शिकवलं तसं लिहून ठेवते. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली बटणांच्या दोन ओळी. वरची ओळ हातांची, खालची पायांची. पहिले काही दिवस त्यांनी मला बटणांना शिवूच दिलं नाही. "आधी चालायला शिका. तान्हा पोर आधी मारतो का चालतो?" मग मी नुसती चालत होते. डोंगराकडे दोन पावलं, दर्याकडे दोन पावलं, खाली बसायचं, उठायचं. मग अडवणं. "समोरच्यापासून लांब दांडी धरली का आपला माणूस हात वर घेतो. मग मार लागत नाय. तो डोंगराकडं उभा हाय, तर तुमी दर्याकडं धरा. धरून ठेवा. सोडायची घाई नको."

"म्हणजे डावीकडे धरलं की अडवलं जातं," मी वहीत लिहावं तसं म्हटलं.

"नाय! तो उडी मारून तुमच्या पाठी गेला तर?"

"तर?"

"आता तो दर्याकडं हाय. मग तुमी डोंगर धरायचा. बाजू हातात नसते, बाई. समोरचा कुठं उभा हाय त्यावर बाजू."

हे मला समजायला वेळ लागला. समजल्यावरसुद्धा हात ऐकेना. माझा हात घाबरला की डावीकडेच जायचा. तांडेल मागून "डोंगर, डोंगर" ओरडत राहायचे आणि माझा पहिलवान पाठीत लाथा खायचा. हातातून आग सोडायची युक्ती मला त्यामानाने लवकर जमली. दांडी खाली, मग तिरकी, मग पुढे, अशी एका झोकात फिरवायची आणि बटण दाबायचं. ती त्यांनी अंगणात जाऊन, खाडीत हाताने जाळं फेकतात तसा हात फिरवून दाखवली. बोट लागत असली तरी काठावरून जाळं टाकायला ते पटाईत होते. वहिनी पायरीवर बोंबील निवडत बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढा जाळा खरा टाकला असतात तर रात्रीच्या कालवणाची सोय झाली असती."

बोंबील वाळायचे दिवस होते, तेव्हाच तांडेलांना झटका आला. सकाळी चहाची बशी हातातून सुटली, आणि बशीकडे बघताना तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली. बोईसरच्या दवाखान्यात जीव वाचला. घरी आणलं तेव्हा पाय ओढत चालता येत होतं, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. आणि वाचा गेली होती. अगदी सगळी नाही, दोन शब्द उरले होते. दर्या आणि डोंगर.

पाणी हवं असलं तरी दर्या. भूक लागली की डोंगर. चिडले की दोन्ही. आपण चुकीचं बोलतो आहोत हे त्यांना कळायचं, कारण म्हणून झाल्यावर ते डोळे मिटून मान हलवायचे आणि परत प्रयत्न करायचे, आणि परत तेच यायचं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याला बोलू दिलं नाही, त्याचं हे बघणं कठीण होतं.

पालघरहून एक मुलगी यायची, बोलण्याचे व्यायाम शिकवायला. फार गोड मुलगी. ती चित्रं दाखवायची. कप? दर्या. चावी? डोंगर. मग तिने वहिनींना समोर उभं केलं आणि विचारलं, "काका, या कोण आहेत? यांचं नाव काय? घाई नाही, आठवा."

तांडेलांनी तिच्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि तोंड फिरवून भिंतीकडे केलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलगी हळू आवाजात मला म्हणाली, "बायकोचं नावही गेलंय हो."

ती गेल्यावर वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला कळेना. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून कधी घेतला नाय नाव, आता पोरीपुढं घेतील काय? लाजले ते!" खूप हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "नाव नको मला. गो म्हटला तरी पुरे."

त्या दिवसापासून त्या त्याचीच वाट बघत होत्या. लपवायच्या नाहीत. जेवण वाढताना ताट जरा लांब ठेवायच्या, ते हाक मारतात का बघायला. आत जाऊन उगाच भांडी वाजवत थांबायच्या. ओटीवरून यायचं ते "दर्या". वहिनी बाहेर यायच्या, "काय, पाणी?" त्यांचं आपलं असं चालायचं.

मग एका दुपारी मला खालून यंत्राचा आवाज आला. मी खाली आले तर तांडेल स्टुलावर बसलेले, डावा हात दांडीवर. पडद्यावर त्यांचा पहिलवान चालत होता. पुढे जायचा, मागे यायचा, बसायचा, अडवायचा, समोरचा उडी मारून गेला की वळून पुन्हा अडवायचा. एकही ठोसा मारत नव्हता. मारणारा हात मांडीवर पडलेला होता. अडवून अडवून किती अडवणार? शेवटी तो पडला. त्यांनी पुन्हा डाव लावला. पुन्हा तेच.

मी हात धुतले, स्टूल ओढलं, आणि त्यांच्या डोंगराकडच्या बाजूला बसून उजवा हात बटणांवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "डोंगर," ते म्हणाले, आणि पहिलवान पुढे निघाला. मी ठोसा मारला. "दर्या," ते म्हणाले, आणि मी हात उचलला, कारण आता अडवायचं होतं.

असे आम्ही दोघं मिळून एक माणूस खेळायला लागलो. रोज दुपारी. कप दाखवला तर चुकणारे ते दोन शब्द यंत्रापुढे एकदाही चुकले नाहीत. दांडी डोंगराकडे जायची तेव्हा डोंगर, दर्याकडे जायची तेव्हा दर्या. तिथे त्या दोन शब्दांत सगळं मावत होतं. मी वहिनींना म्हटलं, "बघा, इथे त्यांचं काही गेलेलं नाही." वहिनींनी यंत्राकडे बघितलं. सवत म्हणाल्या नाहीत.

आणि मग शब्द यायला लागले. आधी "थांब". मी भाकरी थापायला लागले होते तेव्हा आला. मग "खाली". मग एकदा, आम्ही जिंकता जिंकता राहिलो तेव्हा, यंत्राला एक शिवी. वहिनी आतून धावत आल्या. "काय बोलले? काय बोलले?" मी शिवी सांगितली. त्यांनी यंत्रापुढे हात जोडले. पालघरच्या मुलीला कळवलं तर ती म्हणाली, खेळत राहा, ज्या वाटेने येतंय त्या वाटेने येऊ दे.

त्यानंतरची दुपार मला आजही दिसते. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. वहिनी दारात, म्हणजे यंत्राने सोडलेल्या त्या अर्ध्या दारात, सुपात सुकट पाखडत उभ्या होत्या. आमचा डाव रंगला होता. समोरचा मोठा राक्षस होता, त्याच्यापर्यंत आम्ही आधी कधी पोचलो नव्हतो. तांडेल स्टुलावरून अर्धे उठले होते. "डोंगर... डोंगर... थांब..." आणि मग पूर्ण आवाजात, जुन्या आवाजात, "मार गो!"

मी मारलं. राक्षस पडला.

मागे सूप थांबलं. सुपाचा आवाज थांबल्याचा आवाज मी तेव्हा ऐकला. मी वळून बघितलं तर वहिनी तांडेलांकडे बघत होत्या. तांडेल पडद्याकडे बघून हसत होते, एका बाजूने. आपण काय म्हणालो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"परत बोला," वहिनी पुढे येऊन म्हणाल्या. "काय बोललात? बोला ना."

त्यांनी तोंड उघडलं. कष्टाने ओठ जुळवले. "डोंगर," ते म्हणाले. आणि डोळे मिटून मान हलवली.

मी त्या संध्याकाळी वहिनींना म्हटलं, "ती हाक तुम्हालाच होती. ते माझ्याकडे बघतही नव्हते. शेजारी कोण बसलंय हे ते विसरले होते."

"माहीत हाय मला," वहिनी म्हणाल्या. "पण मी नव्हते ना तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे माडीवर आल्या. पाटी नव्हती. "बाई, मला बटनं शिकवा."

तांडेल झोपलेले असत तेव्हा, सकाळी, मी त्यांना शिकवलं. आवाज बारीक करून. कोळंबी सोलून सोलून घट्ट झालेला त्यांचा हात बटणावर पडला की यंत्र हलायचं. बाकी त्या माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. दर्या आणि डोंगर त्यांना शिकवावंच लागलं नाही. अडचण वेगळीच होती. त्या मारायच्या आधी विचारायच्या, "याला का मारायचा? काय केलाय यानं?"

"काही नाही वहिनी, खेळ आहे."

"नाय, पण भांडण कशावरून हाय?"

समोर बाई पहिलवान आली तर त्या हातच उचलायच्या नाहीत. ती लाथा मारत राहायची आणि वहिनी म्हणायच्या, "मारू दे. दमेल आन जाईल घरी." एकदा चुकून त्यांचा ठोसा तिला लागला, तर त्यांच्या तोंडून "आई गो, लागला काय?" असं निघालं. मी इतकी हसले की आत तांडेल जागे झाले.

मग दुपारी त्या माझ्या जागी बसायला लागल्या. पदर खोचून, हात धुऊन. तांडेलांनी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग सरकून जागा दिली. मी दाराशी उभी राहायचे. ते "डोंगर" म्हणायचे, वहिनी मारायच्या. ते "थांब" म्हणायचे, वहिनी थांबायच्या. "खाली" आला, "वर" आला, एकदा "बरा" आला. वहिनींची नजर पडद्यावर नसायची. हात बटणांवर असायचा आणि कान तांडेलांच्या तोंडाशी. पुष्कळदा त्यामुळेच हरायच्या.

"मार" पण आला. "मार!" असा नुसता. वहिनी मारायच्या आणि त्याच्यापुढच्या रिकाम्या जागेत क्षणभर थांबायच्या.

तो 'गो' रोज येईलसा वाटायचा. मलाही. मी मनात म्हणायचे, आज येईल, आज समोर राक्षस आहे.

दुसरा झटका त्यांना झोपेतच आला. या वेळी दोन शब्दही घेऊन गेला. दवाखान्यात वहिनी त्यांच्या डाव्या हाताशी बसून असायच्या. तो हात चादरीवर कधी कधी हलायचा, थोडा इकडे, थोडा तिकडे. डॉक्टर म्हणाले त्याला काही अर्थ नाही, असं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुमाला नाय कळणार." मग ते गेले.

यंत्र अजून तिथेच आहे, दार अडवून. मूल नाही, बाळ नाही, दिवस-कार्य पुतण्यांनी केलं. त्यांनी विचारलं, हे हलवायचं का. वहिनी म्हणाल्या, राहू दे. त्या परत वाणगावच्या बाजाराला जायला लागल्या, तिरक्या होऊन बाहेर पडायला लागल्या. आमचं जाता-येता बोलणं व्हायचं, मासळीचं, पाण्याचं, तुमचं. तांडेलांविषयी त्या बोलत नसत.

तुमच्याकडे यायला मी निघाले, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. मी सामान भरत होते. वहिनी वर आल्या, दाराशी चप्पल काढली, आणि तुमच्यासाठी म्हणून सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी माझ्या बॅगेत नीट कपड्यांच्या मध्ये बसवली. मग खाटेच्या कडेला बसल्या.

"बाई, एक काम हाय. हसू नका."

"नाही हसत."

"त्या दिवशी ते तुमच्या कानाशी बोलले. मी दारात होते, सूप वाजत होता. मला अर्धाच आयकू आला. कसा बोलले ते एकदा बोलून दाखवा."

मी म्हटलं, "मार गो."

त्यांनी मान हलवली. "तसा नाय. तुमी शाळेतला बोलता."

मी परत म्हटलं. त्या म्हणाल्या, "गो लांब करा. शेवटाला वर न्या. असा तोडू नका." मी परत म्हटलं. मला माझाच आवाज परका वाटत होता, आणि जन्मभर मुलांचे उच्चार सुधारणारी मी, एका अक्षरावर अडून बसले होते. वहिनी धीराने ऐकत होत्या. चुकलं की सांगत होत्या. "मारचा राग गोमधे आणू नका. राग त्या राक्षसावर होता."

शेवटी मी उभी राहिले. डावा हात दांडीवर असावा तसा पुढे धरला, भिंतीकडे तोंड केलं, आणि तो माणूस जसा स्टुलावरून अर्धा उठून, एका बाजूने हसत ओरडला होता, तसं मोठ्याने म्हटलं. 'मार' भिंतीला, आणि 'गो' मागे, घराच्या आतल्या बाजूला.

मी वळले नाही.

मग वहिनींनी हळूच ओ दिली.